वेळ जात नाही, वेळ मिळत नाही

वाचकहो, एकाच घरात, भिंतीवरच्या एकाच घड्याळाखाली, दोन तक्रारी वर्षानुवर्षे सुखाने नांदत असतात. आरामखुर्चीतून उद्गार येतो, "वेळ जाता जात नाही." स्वयंपाकघरातून प्रत्युत्तर येते, "इथे वेळ मिळता मिळत नाही." साखरेची अशी परिस्थिती असती, तर हा प्रश्न एका वाटीने सुटला असता. ज्याच्याकडे जास्त त्याने ज्याच्याकडे कमी त्याला द्यावी आणि वर चहा प्यावा. वेळेच्या बाबतीत मात्र ही देवघेव होत नाही. एक जण कंटाळून पुन्हा तेच वर्तमानपत्र उलगडतो, दुसरी धावपळीत चहा प्यायची विसरते आणि घड्याळ दोघांकडेही सारख्याच निर्विकारपणे पाहत राहते.

आपल्या भाषेने वेळेशी जितका खेळ केला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या कशाशी केला असेल. आपण वेळ काढतो, वेळ घालवतो, वेळ साधतो आणि प्रसंगी वेळ मारूनही नेतो. 'निघालोच' याचा अर्थ अंघोळ व्हायची आहे असा असतो. 'पाच मिनिटे' हे मोजमाप नसून एक प्रकारचा आशीर्वाद आहे. 'परवा' हा शब्द तर मागे आणि पुढे अशा दोन्ही दिशांना जातो. "परवाच भेटला होता" असे आजोबा सांगतात तेव्हा तो गेला सोमवार असू शकतो किंवा 1974 साल. आणि "मी परवा येतो" असे मुलगा फोनवर म्हणतो तेव्हा आजी त्या परवाची तयारी आजच सुरू करते.

घटकाभर म्हणजे किती?

"बसा हो घटकाभर," असे आपण पाहुण्याला सहज म्हणतो. ही घटका पूर्वी काटेकोर मोजली जात असे. तळाला बारीक छिद्र असलेली धातूची वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. ती हळूहळू भरून बुडाली की एक घटका झाली. दिवसरात्र मिळून अशा 60 घटका, म्हणजे एक घटका बरोबर 24 मिनिटांची. एका घटकेची 60 पळे, म्हणजे एक पळ 24 सेकंदांचे. विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी हे घटिकापात्र मांडले जाई आणि 'घटका भरली' हा वाक्प्रचारही त्या बुडणाऱ्या वाटीतूनच आला.

तेव्हा "घटकाभर बसा" हे निमंत्रण 24 मिनिटांचे आहे. "पळभर थांब" म्हणजे अर्ध्या मिनिटाहूनही कमी. आज कोणी आपल्याकडे खरोखर घटकाभर बसतो का, हे एकदा घड्याळ लावून पाहण्यासारखे आहे. बहुतेक भेटी पळांत मोजाव्या लागतील आणि त्यांतील निम्मी पळे पाहुणा मोबाईलकडे पाहण्यात घालवील.

घड्याळाचे म्हणणे सर्वांनी मुकाट्याने मान्य केले, असेही कधी झालेले नाही. 1 जानेवारी 1906 रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून 39 मिनिटांनी मागे होती. मुंबईकरांनी ही नवी वेळ सहजासहजी पत्करली नाही आणि शहरात पुढे कित्येक वर्षे दोन वेळा नांदत राहिल्या. एका शहरात दोन वेळा चालू शकल्या, तर एका घरात आजोबांची एक वेळ आणि नातवाची दुसरी वेळ असण्यात नवल ते काय? प्रश्न एवढाच, की या दोन वेळांमध्ये गाडी कशी चालवायची.

पहाटे तीनचा निद्रानाश

"मला झोपच येत नाही हो, तीनला टक्क जाग येते," ही तक्रार आपण अनेक घरांत ऐकली असेल. सहानुभूती व्यक्त करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा, "झोपता किती वाजता?" उत्तर येते, "आठला. करायचे काय बसून?" आठ ते तीन म्हणजे सात तास. पासष्टीनंतर साधारण सात ते आठ तासांची झोप पुरेशी मानली जाते. म्हणजे झोपेचा हिशेब चोख आहे, फक्त दुकान लवकर उघडले आहे आणि गिऱ्हाईक अद्याप उठलेले नाही.

वयाबरोबर शरीरातले अंतर्गत घड्याळ पुढे सरकते. संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर जाग येते. यात आजार नाही, परंतु गैरसोय आहे. त्यावर उपायही साधे आहेत. संध्याकाळी उजेडात थोडे फिरावे किंवा गॅलरीत बसावे, म्हणजे पेंग थोडी लांबते. दुपारची झोप अर्ध्या तासावर नेऊ नये आणि तीननंतर तर आडवे होऊच नये. रात्री झोपण्याची वेळ एकदम न बदलता दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढे ढकलावी. एवढे करूनही झोप लागत नसेल, घोरताना श्वास अडकत असेल किंवा दिवसभर ग्लानी राहत असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगावे. शेजाऱ्यांना मानवलेली झोपेची गोळी मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये. उतारवयात अशा गोळ्यांनी तोल जाणे आणि पडणे हा फार खरा धोका आहे.

आणि पहाटे तीनला उठलेल्या मंडळींना एक नम्र विनंती. भांडी आवरू नयेत. ज्यांना वेळ मिळत नाही, ती माणसे त्या वेळी झोपलेली असतात.

वर्षे एवढी लवकर कशी सरतात?

आता एक विसंगती पाहा. दुपार सरता सरत नाही, परंतु दिवाळी मात्र "आत्ताच तर झाली होती" असे म्हणता म्हणता पुन्हा येते. एक दिवस लांब आणि वर्ष आखूड, हे कसे?

पोल जाने या फ्रेंच विचारवंताने एकोणिसाव्या शतकात याचे एक गमतीशीर गणित मांडले होते. दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग वाटतो, तर सत्तरीच्या माणसाला तेच वर्ष सत्तरावा भाग. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1890 मधील आपल्या ग्रंथात या गणिताची दखल घेतली, पण तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. त्याच्या मते कारण स्मृतीत होते. लहानपणी रोज काही ना काही नवे घडते आणि मन ते नोंदवून ठेवते. पुढे दिवस एकसारखे होत जातात, नोंदण्याजोगे थोडे उरते आणि मागे वळून पाहताना वर्ष रिकामे, म्हणून आखूड दिसते.

यातून काही शिकण्यासारखे आहे. दुपार लहान करायची आणि वर्ष मोठे करायचे असेल, तर उपाय एकच: आठवड्यातून एखादी गोष्ट नवी करावी. त्यासाठी काशीयात्रेला निघायला नको. फिरायला रोजच्या रस्त्याऐवजी दुसऱ्या रस्त्याने जावे. नातवाकडून मोबाईलवर एक गोष्ट शिकावी. ती विसरली जाईल, हरकत नाही, पुन्हा शिकण्याच्या निमित्ताने नातू पुन्हा बसेल. जुन्या फोटोंच्या मागे नावे लिहून ठेवावीत. ते काम आपल्याखेरीज घरात दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

पोस्टकार्डाचा दिवस

सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने 1955 साली 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकात एक गाजलेला विनोदी सिद्धान्त मांडला. हाताशी जितका वेळ असतो, तितके काम फुगत जाते, असे त्याचे म्हणणे. उदाहरणादाखल त्याने एक निवांत वृद्धा उभी केली. तिला भाचीला पोस्टकार्ड पाठवायचे आहे. कार्ड शोधण्यात एक तास, चष्मा शोधण्यात एक तास, पत्त्यासाठी अर्धा तास, मजकुराला सव्वा तास आणि पत्रपेटीपर्यंत जाताना छत्री घ्यावी की नाही याचा विचार करण्यात वीस मिनिटे. कामात गढलेला माणूस हेच काम तीन मिनिटांत उरकतो.

पार्किन्सनचा रोख खरे तर सरकारी कार्यालयांवर होता, आणि त्यावर आपणही मनसोक्त हसावे. पण त्या वृद्धेची बाजू कोणीतरी मांडायला हवी. ती दिवसभर हिंडली-फिरली, भाचीची आठवण काढली, चार वाक्ये विचारपूर्वक लिहिली, आभाळ पाहिले आणि स्वतःच्या पायांनी पत्रपेटीपर्यंत गेली. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले, तर तो उत्तम दिवस होता. उलट तीन मिनिटांत पत्र उरकणाऱ्या माणसाने वाचवलेल्या चार तासांचे काय केले, ते पार्किन्सनने सांगितलेलेच नाही.

म्हणून काळजी घेणाऱ्या मंडळींना सांगणे असे, की आजींनी मेथीची एक जुडी निवडायला सकाळभर घेतली तर घेऊ द्यावी. "द्या इकडे, मी पटकन करते" या वाक्याने आपली दहा मिनिटे वाचतात आणि त्यांचा अख्खा दिवस जातो. कपड्यांच्या घड्या, शेंगा सोलणे, देवाची फुले, दुधाचा हिशेब, यांतले एखादे काम पूर्णपणे त्यांच्या नावावर असावे. हलणारी बोटे आणि 'हे माझ्यावाचून अडेल' ही भावना, दोन्हीही औषधासारखीच वेळेवर मिळाली पाहिजेत.

घाई आणि गुडघे

रेल्वे नऊची असेल, तर आजोबा साडेसातला बूट घालून दारात बसलेले असतात. घरातील तरुण मंडळी यावर हसतात. परंतु आजोबांचा हिशेब अनुभवाचा असतो. त्यांच्या वेळापत्रकात जिना, गुडघा, एकदा विसरलेला चष्मा आणि दोनदा जावे लागणारे स्वच्छतागृह यांची सोय केलेली असते. तरुणांच्या वेळापत्रकात फक्त रेल्वे असते.

वृद्धांना घाई करायला लावणे हा निव्वळ अविनय नव्हे, तो धोका आहे. दाराची घंटा वाजली, फोन वाजला, कुकरची शिट्टी झाली की धडपडत उठणे हे घरात पडण्याचे नेहमीचे कारण असते. म्हणून फोन उशाशी असावा. दारावरच्या माणसाने वाट पाहावी. रात्री उठताना एकदम उभे न राहता पलंगाच्या कडेला पाय सोडून एक मिनिट बसावे. झोपेतून एकदम उठल्यावर काहींचा रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तोल जातो. दिवसातील 1,440 मिनिटांपैकी काहीही न करण्यात घालवलेले हे एक मिनिट कदाचित सर्वांत उपयोगी ठरेल.

औषधांची वेळ हाही असाच विषय. 'सकाळी' म्हणजे चहाआधी की चहानंतर, हे औषधाला कळते, आपल्याला विचारावे लागते. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते. मधुमेहाच्या अनेक औषधांचे जेवणाशी नाते असते. कंपवाताच्या गोळ्यांना उशीर झाला, तर शरीर लगेच गाऱ्हाणे मांडते. आणि एखादी मात्रा चुकली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट घेऊन भरपाई करण्याचा व्यवहार औषधांना मान्य नसतो. चुकल्यास काय करावे, ते डॉक्टरांना आधीच विचारून डबीवर लिहून ठेवावे.

दवाखान्यातील दोन वेळा

जेथे वेळ अत्यंत लवचीक असतो, ते ठिकाण म्हणजे दवाखाना. बाहेरच्या बाकावर दोन तास आणि आतल्या खुर्चीवर पाच मिनिटे. 2017 साली 67 देशांतील माहिती एकत्र करून झालेल्या एका अभ्यासात, डॉक्टर एका रुग्णाला सरासरी किती वेळ देतात हे पाहिले होते. बांगलादेशात तो वेळ 48 सेकंद निघाला, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे. म्हणजे स्वीडनमध्ये जवळजवळ एक घटका आणि बांगलादेशात नेमकी दोन पळे!

आपल्या वाट्याला आलेली मिनिटे वाढवणे आपल्या हाती नाही, पण ती वाया न घालवणे आहे. बाकावर बसल्या बसल्या कागदावर तीनच प्रश्न लिहावेत, सर्वांत महत्त्वाचा पहिला. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी बरोबर असावी. आत गेल्यावर "गेल्या वर्षी चुलत भावाकडे लग्नाला गेलो होतो, तेव्हापासून" अशी सुरुवात करू नये. लग्नातील जेवण कसे होते, हे सांगता सांगता आपली पळे संपतात आणि मुख्य तक्रार दाराबाहेर आल्यावर आठवते.

जेथे विनोद थांबतो

आतापर्यंत वेळेची थट्टा केली. आता एक गोष्ट गांभीर्याने ऐकावी.

"थोडे पडतो, बरे वाटेल. उगाच पोरांची झोपमोड नको. सकाळी पाहू." आपल्या पिढीची ही सवय एरवी गोड वाटते. परंतु बोलता बोलता जीभ अडखळू लागली, चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर तो पक्षाघात असू शकतो आणि तेथे सकाळची वाट पाहायची नसते. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल, तर ती गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. तेवढ्या वेळात रुग्णालयात पोहोचणे, तपासणी आणि मेंदूचा सीटी स्कॅन हे सारे बसवायचे असते. जितका उशीर, तितकी मेंदूची हानी.

त्या वेळी घड्याळाकडे पाहावे आणि वेळ लिहून ठेवावी, कारण डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात: हे केव्हा सुरू झाले? रुग्ण झोपेतून उठतानाच तसा दिसला असेल, तर तो शेवटचा ठीकठाक कधी पाहिला, ती वेळ सांगावी. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोंडाने पाणी किंवा औषध देऊ नये, घास अडकू शकतो. आणि लक्षणे दहा मिनिटांत आपोआप गेली, तरीही रुग्णालयात जावे, कारण तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. छातीत दाब, घाम आणि दम लागणे यांच्या बाबतीतही हाच नियम. पोरांची झोप एका रात्रीत भरून निघते.

देवघेव

आता पुन्हा त्या दोन तक्रारींकडे वळू. आपल्या देशातील लोक आपला वेळ कसा घालवतात, याची पाहणी केंद्र सरकारने 2019 साली केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जात होता, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटे. फरक 202 मिनिटांचा, म्हणजे मध्यंतरासह एक हिंदी चित्रपट आणि वर निवांत चहा. घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल, तर त्याची सेवा याहून वेगळी. "वेळ मिळत नाही" ही तक्रार स्वयंपाकघरातूनच का येते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

म्हणून घरोघरी एक साधा करार करता येईल. रोज एक घटका, म्हणजे 24 मिनिटे, घरातील कोणीतरी वृद्धांजवळ बसावे. मोबाईल दुसऱ्या खोलीत असावा. औषध, लघवी, रक्तदाब हे विषय त्या घटकेत काढू नयेत. 1974 सालचा 'परवा' पुन्हा ऐकावा लागला, तर ऐकावा. ही घटका पाळीपाळीने मुलगा, नातू, जावई यांनीही घ्यावी. ती फक्त सुनेच्या खात्यावर टाकू नये.

आणि वृद्धांनीही एक घटका परत करावी. जी व्यक्ती आपली सेवा करते, तिला रोज काही वेळ तरी हाक मारू नये. "आता तू तुझे काही कर, मला काही लागणार नाही," असे स्वतःहून म्हणावे. पाणी, चष्मा, काठी आणि रिमोट आधीच जवळ घेऊन ठेवावे, म्हणजे शब्द पाळणे सोपे जाईल. सेवा करणारी व्यक्ती थकली, चिडचिडी झाली, तिची झोप उडाली, तर घरात रुग्ण एक राहत नाही, दोन होतात. आठवड्यातून अर्धा दिवस तिला पूर्ण मोकळीक मिळावी, यासाठी नातेवाइकांनी कौतुकाच्या शब्दांऐवजी प्रत्यक्ष येऊन बसावे. येताना "परवा येतो" असे न सांगता वार सांगावा.

आजच्या आज करण्यासारखी कामे तीनच. फोनशेजारी 108 आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. औषधांची यादी दाराच्या मागे लावावी. आणि उद्याची घटका कोणाची, ते रात्री जेवताना ठरवून टाकावे. या तिन्ही कामांना मिळून एक घटकाही लागणार नाही. छत्री घ्यावी की नाही, याचा विचार करत बसलात, तर गोष्ट वेगळी.